मागून चालणारा माणूस

मेंढरं घरी आली आणि त्यांच्या मागं कोणी नव्हतं. बातमी आली ती अशी. दिवस मावळतीला टेकला होता, मी शाळेतून येऊन चहाचं आधण ठेवलं होतं, अंगणात नेहमीसारखी धूळ उडाली. मेंढरं आपापली काटेरी कुंपणाच्या वाडग्यात शिरली. मी सवयीनं आतूनच विचारलं, "चहा टाकू का?" आणि उत्तर आलं नाही... दीर रानाकडं धावले. ओढ्याच्या चढावर, बाभळीला टेकून हे बसलेले सापडले, काठी मांडीवर आडवी. झोप लागल्यासारखे. साखऱ्याचे किसनराव, माझे यजमान, गेले त्याला आता काही आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्यांच्याबद्दल लिहा असा निरोप आला तेव्हा मी आधी टाळलं. रडगाणं लिहायचं नव्हतं मला, त्यांनाही ते आवडलं नसतं. मग ठरवलं, जैसलमेरचं लिहावं. संसारात आम्ही दोघांनी मिळून केलेली ती एकच सहल, आणि ती आठवली की मला आजसुद्धा हसूच फुटतं.

पण त्याआधी एक सांगायला हवं. आमचे हे माझ्या पुढं कधी चाललेच नाहीत. आमच्या भागात नवरा चार पावलं पुढं आणि बायको पदर सावरत मागं, अशी रीत. आमचं सगळं उफराटं. लग्न होऊन साखऱ्यात आले त्या दिवसापासून मी पुढं, हे मागं. सेनगावचा बाजार असो, देवदर्शन असो, नाहीतर माझं माहेर. मेंढपाळ कळपाच्या मागं चालतो, त्यामुळे त्यांच्या पायांना दुसरी चालच ठाऊक नव्हती. पाणवठ्यावरच्या बाया मला चिडवायच्या, "काय वं, तुला बी हाकतच आनलं का किसननं?" मी लाजेनं अर्धी व्हायची. लग्नानंतर त्यांनीच मला हट्टानं डी.एड.ला घातलं, मी गावच्या शाळेत बाई झाले, तरी रस्त्यानं आमची वरात तशीच. काही बोलायचं तर मला मान मागं वळवायला लागायची. दुखायची हो मान! या माणसानं एकदा तरी माझ्या बरोबरीनं चालावं, एवढंच माझं मागणं होतं. दागिना मी कधी मागितला नाही, पण हे मनातून कधी गेलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वर्गात वाळवंटाचा धडा चालू होता आणि एका पोरीनं विचारलं, "बाई, आपल्या कयाधू नदीत आसती तितकी वाळू आसती का वं तिथं?" मला काही सांगता येईना. मी तरी कुठं बघितलं होतं? घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, मला वाळवंट दाखवता का? हे मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. मान वर न करता म्हणाले, "जाऊ की." मला वाटलं, थट्टा. पण दिवाळीच्या सुट्टीत खरंच मेंढरं दिरांच्या हवाली झाली, धपाट्यांची चळत फडक्यात बांधली गेली, ह्यांचं नवं धोतर आणि ठेवणीतला पटका बाहेर निघाला. हिंगोलीहून तेव्हा छोट्या रुळाची गाडी राजस्थानात जायची. तीत बसलो, पुढं गाड्या बदलत, अंग आंबवत, एका शनिवारी सकाळी जैसलमेरला उतरलो. हातात शनिवार आणि रविवार, बस.

आणि काय ते गाव! पिवळ्या दगडाचा किल्ला कोवळ्या उन्हात असा उभा, जणू हळद लागलेला नवरदेव. आत माणसं राहतात, चुली पेटतात, पोरं खेळतात. मी तर वेड्यासारखी इकडून तिकडं. एका हवेलीची कोरीव दगडी खिडकी बघून हे म्हणाले, "हिला खिडकी म्हनावं का फनी?" मी मनाशी ठरवून आले होते की इथं ओळखीचं कोणी नाही, इथं हे शेजारून चालतील. कसलं काय! गल्ल्या अरुंद, हे आपले मागं. मी वर बघत, नक्षीचं कौतुक करत बरीच पुढं गेले आणि मान वळवून बघते तर मागं गाय! एवढा वेळ मी तिलाच सगळं सांगत होते. गाईच्या मागं हे, काठी खांद्यावर टाकून, निवांत.

"आवो, गाईला बाजूला काहून न्हाई केलं?"

"ती बी तुज्याच मागं चालून राहिली होती. बरं दिसत होतं की!"

मला राग यावा की हसू, कळेना. शेवटी भर गल्लीत हसतच सुटले.

रविवारी दुपारनंतर जीपनं वाळूकडं निघालो. वाटेत काळ्या तोंडाची मेंढरं दिसली आणि ह्यांनी जीप थांबवायला लावली. "तोंड बघ, तोंड! काजळ घातल्यावानी!" लहान लेकरासारखे टुणकन उतरून बघून आले. पुढं उंट तयार होते. उंटवाला म्हणाला, "बैठो बाबूजी." ह्यांनी आपल्या हिंगोलीच्या हिंदीत सांगितलं, "नक्को भाई. जिसकू चराना, उसपे बैठना नै." मी म्हटलं, आपण कुठं उंट चारतो? तर म्हणाले, "चरनारं जनावर ते चरनारं जनावर. तू बस." मी बसले. उंट आधी मागचे पाय उचलतो हे कोणी सांगितलंच नव्हतं! मी थेट त्याच्या मानेवर, आणि माझ्या किंकाळीनं हे पोट धरून वाळूत बसले. मग आमची वरात निघाली. पुढं दोरी धरून उंटवाला, वर जीव मुठीत धरून मी, आणि मागं हे, चालत. उंटवाला सारखा वळून बघायचा. असं गिऱ्हाईक त्यानं बघितलं नसणार.

वाळूच्या टेकाडाशी मी उतरले. समोर नुसती वाळू, वाऱ्यानं रेघा ओढलेली. कुठं पायवाट नाही, बांध नाही, झाड नाही. सूर्य खाली झुकलेला. आणि मला एकदम सुचलं.

"आवो, इथं वाट कुठं हाय?"

त्यांनी चहूकडं नीट बघितलं. "न्हाई बा."

"मंग मागं-पुढं कसलं? या की असे बाजूला."

माणूस प्रामाणिक. वाट नाही म्हटल्यावर मागं-पुढंही नाही. त्यांनी पटका सारखा केला, जरा घुटमळले... आणि आले. माझ्या शेजारी!  आम्ही चढायला लागलो. एक पाऊल वर, अर्धं खाली. मी राजरोस त्यांचा दंड धरला. वर पोचलो तेव्हा सगळी वाळू तांबूस झाली होती. मी धापा टाकत विचारलं, "कसं वाटून राहिलं बरोबरीनं?"

ह्यांनी पटक्याच्या टोकानं घाम पुसला. मग म्हणाले, "ग्वाड वाटतंय. पन तू दिसून न्हाई राहिली."

"म्हंजे?"

"मागून बराबर दिसतीस. कुठं ठेचकाळली, कुठं थकली, समदं कळतं. पुढं चालनाऱ्याला मागचं काय दिसतं?"

इतकी वर्षं मी समजत होते की हा माणूस मला हाकतोय. तो मला बघत होता! मला तिथं रडूच आलं, आनंदानं. उतरताना मीच म्हटलं, "व्हा मागं." आणि साडी खोचून अशी ऐटीत पुढं निघाले की त्या दिवसापासून माझी मान कधी दुखली नाही.

पुरवणीसाठी त्यांचा फोटो मागितलाय. घरी एकच आहे, त्या टेकाडाखाली एका फोटोवाल्यानं काढलेला. उंटावर मी, तोंड उघडं. उंटाच्या मागं पटक्याचं टोक आणि काठी. त्यांचा एकट्यांचा नाही का, असं पुरवणीवाल्यांनी विचारलं. नाही. असेल तसा छापा, कापू नका.

काठी आता दाराआड उभी असते. शाळेला जाताना ओढ्याच्या चढावर माझी मान अजून मागं वळते. बाभळ तेवढी दिसते. जन्मभर मागं चालले आणि एकदाच पुढं गेले, तेही न सांगता. राग येतो, खूप येतो. पण आता मागं मी आहे. आणि त्यांचं म्हणणं खरं होतं... मागून माणूस बराबर दिसतं.