बूशाइबने मढवलेलं दार

पहाटेच्या अजानला अजून अवकाश असायचा, तेव्हाच बूशाइब उठून लोकर पिंजायला बसलेला असायचा. मोरोक्कोतल्या रबातच्या जुन्या शहरात गाद्या भरणारे पुष्कळ होते. आवाज अडावा म्हणून दारं मढवणारा तो एकटा उरला होता. मी त्याच्या हाताखाली आयुष्य काढलं. खिळा वाकला तर तो ठोकून सरळ करू देत नसे. उपटायचा, नवा घ्यायचा.

त्या वर्षी एका मोठ्या हॉटेलातल्या सभागृहाचं दार आमच्याकडे आलं. पुस्तकांच्या आणि गाण्यांच्या नकलांविषयी करार करायला देशोदेशींचे अधिकारी तिथे बसणार होते. मसुदा कुणालाच दाखवत नव्हते. सरकारी साहेब म्हणाले, "उस्ताद, आतला शब्द बाहेर येता कामा नये."

अडचण अशी की बूशाइबची बायको झहूर विद्यापीठाच्या फाटकाशी झेरॉक्सचं दुकान चालवायची. पॅरिसहून येणारी पुस्तकं पोरांना परवडत नसत. मग पोरं तिच्याकडून हवी ती प्रकरणं काढून न्यायची. करार झाला की असली दुकानं बंद होणार, अशी आवई होती. पुढच्या वर्षी जागा ठेवणार का, असं जागेचा मालक विचारत होता आणि झहूर त्याला टोलवत होती.

मी म्हटलं, "उस्ताद, खाली बोटभर जागा सोडा. वहिनींना कळेल तरी."

"फटीचं काम मी करत नाही."

आधी लोकर, वर ताग, त्यावर चामडं. मग त्याने मला आत कोंडलं. "मला शिव्या घाल. मोठ्याने."

कितीतरी वर्षांच्या साठल्या होत्या, सगळ्या घातल्या. दार उघडलं तेव्हा तो कानामागे हात धरून उभा.

"काय म्हणालास?"

"तुमची तारीफ केली."

"तारीफ करताना इतका घाम?"

बैठक चालली तितके दिवस त्याला बाहेर स्टुलावर बसवून ठेवलं; दार अडलं तर माणूस हवा. ते अडलं नाही. शेवटी साहेब लोक बाहेर आले, एकमेकांचे हात हातात घेतले, आणि कुणीच काही न सांगता गाड्यांत बसले.

शुक्रवारी बूशाइबच्या घरी कुसकुसच्या, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या, परातीशी मीही होतो.

"अख्खी गल्ली मला विचारते, तुझा नवरा दाराशीच होता ना?" झहूर म्हणाली. "आणि तू आलास बहिऱ्यासारखा!"

"दार चांगलं झालंय."

"चुलीत घाल ते दार! मालकाला काय सांगू?"

तो जेवायचा थांबला. "आत काय ठरलं, मला ठाऊक नाही. पण तुला विचारून ठरवायचं असतं, तर त्यांनी मला बोलावलंच नसतं."

"मग?"

"मग तूही त्यांच्यासाठी थांबू नकोस. दुकान ठेव."

झहूरने परातीतला मांसाचा मोठा तुकडा त्याच्या बाजूला सरकवला. "खा. एवढं बोललास, दमला असशील."

झहूरच्या दुकानाला दाराऐवजी जुना सरकता पत्रा होता. तो अर्धा ओढून घेऊनच ती नकला काढायची. हॉटेलची मजुरी हातात पडल्यावर बूशाइबने त्या जागी काचेचं दार बसवलं. रस्त्यावरून मशीन दिसतं, रांगेतली पोरं दिसतात. खाली बोटभर फट राहिली आहे. पोरांची बडबड फुटपाथपर्यंत येते. एकदा मी ती फट बुजवायला लोकर घेऊन गेलो होतो.

"राहू दे," तो म्हणाला.