हर्ण्यातली मागची पायरी

वडील गेल्याची तार आली तेव्हा मी हर्ण्याच्या मुलींच्या शाळेत नुकतीच नोकरीला लागले होते. रत्नागिरीला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. दिवसकार्य झालं आणि मी परत कामावर हजर झाले. रडले नाही. बायका म्हणाल्या, पोरगी धीराची आहे. तो धीर नव्हता. आत काहीच हलत नव्हतं.

शाळेत मुली पाढे म्हणत, ते मला भिंतीपलीकडून आल्यासारखे वाटत. फक्त एक गोष्ट जागी होती. पोस्टमन रस्त्याने दिसला की पुन्हा तार असेल या भीतीने मी जागीच थांबायची. तो पुढे गेला की पुन्हा सगळं बधिर.

मी एका मुसलमान कुटुंबाच्या घरात मागची खोली भाड्याने घेतली होती. घरमालकीण पन्नाशीची होती. तिचा नवरा बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी येणारा. सगळी आळी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणे, मीही तेच म्हणायला लागले. तिची बोली वेगळी होती, पण माझ्याशी ती जपून, शाळेतल्यासारखं मराठी बोलायची. स्वभाव तापट. उगाच गोड बोलणं तिला जमत नसे.

एकदा विहिरीवरून आणलेली कळशी मी भरलेल्याच हंड्यात ओतत उभी राहिले. पाणी पायांवरून अंगणात गेलं, तरी मला कळलं नाही. खालाने कळशी माझ्या हातातून काढून घेतली आणि मला मागच्या पायरीवर बसवलं.

"काय ऐकू येतंय ते सांगा," ती म्हणाली.

"काही नाही."

"काही नाही असं नसतं. कान लावा."

मी कान लावला. मग किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालला होता, त्यातला एक चढा आवाज आला. माडाच्या झावळ्या घासत होत्या. शेजारी कोणी तरी कांडत होतं. मी एकेक सांगत गेले. ती एवढंच म्हणाली, की पाय उचलून बसू नका, खाली टेका. पायरी जांभ्या दगडाची, दिवसभर तापलेली. तळव्यांना ती ऊब लागली. ऊब आहे एवढं कळलं, बरी वाटली असं नाही.

त्यानंतर शाळा सुटली की आम्ही तिथे बसू लागलो. ती मासळी साफ करी किंवा तांदूळ निवडी, आणि मी ऐकलेलं सांगे. मन भलतीकडे गेलं की ती विचारी, कुठे गेलात, आणि मी परत येई. हे तुम्हाला कोणी शिकवलं, असं मी एकदा विचारलं.

"कोणी नाही. पूर्वी वारा सुटला की माझ्या डोक्यात ह्यांची बोट बुडायची," ती म्हणाली. "मग मी नुसता वारा ऐकायला लागले. वारा तेवढाच असतो, बाई. बोट मी बुडवते."

पुढे एका दुपारी शाळेचा शिपाई हातात कागद घेऊन वर्गाच्या दारात आला. मला ती तारच वाटली. मी चपला काढून पाय शेणाने सारवलेल्या जमिनीवर टेकले. मुलींचा पाढा ऐकला, श्वास हळूहळू सोडला. तो सांगत होता, तपासनीस येणार आहेत. भीती आली, थोडी थांबली आणि गेली. मी मुलींना पुढचा पाढा म्हणायला लावला.

हे नेहमी लागू पडायचं असं नाही. एकदा खालाच्या नवऱ्याच्या बोटीची खबर लांबली. खाला भिंतीकडे तोंड करून पडून होती. काय ऐकू येतंय, हा तिचाच प्रश्न मी तिला विचारला.

"आज नको," ती म्हणाली.

मी चूल पेटवली, पेज शिजवली आणि तिच्या उशाशी बसून राहिले. तिने पेज घेतली नाही. काही दिवसांनी नवरा सुखरूप आला. तिने त्याच्यावर तोंडसुख घेतलं, ते आख्ख्या आळीने ऐकलं.

मे महिन्यात मी रत्नागिरीला घरी गेले. आई फणसाचे गरे काढत बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि बाबांचा शेवटचा दिवस कसा गेला ते विचारलं. तोवर मी विचारलंच नव्हतं. चीक लागू नये म्हणून तेलाने माखलेले हात न थांबवता ती सांगत गेली: सकाळी त्यांनी दाढी केली, चहा मागितला, नंतर छातीत कळ येतेय म्हणाले. माझा घसा दुखू लागला. रडू आलं नाही. पण इतक्या महिन्यांत मला माझं काही दुखलं ते तेव्हाच. आईने एक गरा माझ्यापुढे सरकवला आणि पुढचं सांगू लागली.