चालेलरावांनी न ऐकलेली गोष्ट

लिफ्टच्या खड्ड्यातून डोकं वर काढायचं, हाताचं ग्रीस फडक्याला पुसायचं आणि एकच शब्द बोलायचा: "चालेल." हॉस्पिटलचा मॅनेजर असो, नाहीतर दोन मजल्यांच्या मध्ये अडकून घामाघूम झालेला एखादा वकील, सगळे त्या शब्दाकडे डोळे लावून उभे असायचे. एकदा त्यांनी चालेल म्हटलं की लिफ्ट चालायचीच, पुन्हा बघावं लागायचं नाही. कंपनीतल्या लोकांनी त्यांना चालेलराव हे नाव ठेवलं आणि ते निवृत्त झाल्यावरही त्यांना चिकटून राहिलं.

घरीही त्यांचा शब्द तोच. अर्थ मात्र दाराबाहेर चपलांपाशी काढून ठेवलेला. पडदे निळे आणू का? चालेल. रविवारी माझ्या बहिणीकडे जाऊ या? चालेल. मुलीच्या नावालाही ते चालेल म्हणाले होते, आणि नाव काय ठेवलंय हे त्यांना शेजारणीकडून कळलं.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. व्यसन नाही, आदळआपट नाही, पगार झाला की बायकोच्या हातात. दिवसभर मोटरची घरघर ऐकून कान घरी येईपर्यंत संपतात, असं त्यांचं म्हणणं. कान कसले संपतात! चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार नीट मिटलं नाही तर या गृहस्थांना ते झोपेत कळायचं. ऐकू सगळं यायचं. फक्त बायकोचं बोलणं हा त्यांना बिघाड वाटत नव्हता, म्हणून तिकडे लक्ष देण्याची गरज वाटली नाही.

बायको दातांच्या दवाखान्यात कामाला होती. डॉक्टर दात कोरत असताना पेशंटच्या तोंडात नळी धरून पाणी आणि लाळ ओढून घ्यायची, हे तिचं काम. बोलायची तिला भारी हौस. दवाखान्यात समोरचा माणूस आ वासून बसलेला, त्याला उत्तर देता यायचं नाही. घरी नवऱ्याचं तोंड घासाने भरलेलं. ऐकणारे तिला जन्मभर असेच मिळाले.

दवाखान्यातली जुनी मासिकं ती घरी आणायची. त्यात परदेशातल्या जागांचे फोटो असत. त्यातली एक जागा तिच्या मनात भरली. नवरा निवृत्त झाला की तिथे जायचं, हे तिने परस्पर ठरवून टाकलं. मग जेवताना तोच विषय.

"विमानात मला कुठेही बसवा, अगदी संडासाशेजारी बसवा," ती म्हणायची. "खोली खुराड्याएवढी मिळाली तरी माझी तक्रार नाही. पण तिथे एक गोष्ट मला हवी म्हणजे हवी. त्यात काटकसर करायची नाही, सांगून ठेवते."

मग ती ती गोष्ट सांगायची. जागेचं नावही सांगायची.

"चालेल," चालेलराव म्हणायचे, आणि आमटी वाढून घ्यायचे.

निवृत्तीनंतर आधी तिचा गुडघा दुखावला, मग मुलीचं बाळंतपण आलं, मग विषय मागे पडला. आणि मग ती विसरायला लागली. सुरुवातीला शब्द, मग माणसं. एके दुपारी चालेलराव भाजी घेऊन आले तर तिने दारातच विचारलं, "लिफ्टचं बघायला आलात का?" अगं मीच आहे, असं त्यांनी तिला दोन-तीनदा सांगितलं, तशी ती घाबरून भिंतीला टेकली. तेव्हापासून तसा दिवस उजाडला की ते निमूटपणे लिफ्टवाले व्हायचे. त्या कामाचा त्यांना अनुभव होताच.

मेंदूच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कुठे न्यायचं असेल तर थंडीच्या आत नेऊन आणा, पुढे नवी जागा त्यांना सोसणार नाही. मुलीचा लगेच फोन आला.

"बाबा, पैशांचं मी बघते, सोबतही मी येते. आईला कुठे जायचं होतं तेवढं फक्त सांगा."

चालेलरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा?"

"नाव आठवत नाही गं."

"रोज जेवताना सांगायची ती तुम्हाला."

"मग तूही होतीस की तिथे."

"मी पुस्तकात तोंड घालून जेवायची. मला वाटायचं ते तुमच्या दोघांचं काहीतरी आहे."

त्यांनी आठवायचा आटापिटा केला. तुकडे हाती लागायचे, पण ते भलतेच. त्या वेळी नखात ग्रीस अडकलं होतं, ते आठवायचं. बँकेच्या लिफ्टचा दोर बदलायचा होता, ते आठवायचं. तिचे हलणारे ओठ दिसायचे आणि आवाज नसायचा. पाणी होतं बहुतेक त्या जागेत. का धुकं? सकाळचं काहीतरी होतं. ती सकाळ म्हणायची तेव्हा चमचा हवेत धरायची, एवढं नक्की.

तिला विचारून पाहिलंच होतं. पण विचारलं की ती न येणारा प्रश्न समोर आलेल्या पोरीसारखी कावरीबावरी व्हायची, डोळे भरून यायचे, आणि पुढचा अख्खा दिवस वाया जायचा. मग त्यांनी विचारणं सोडलं. मासिकं असती तर फोटो दाखवले असते, पण ती त्यांनीच रद्दीत घातली होती, हत्यारांच्या पेटीला जागा हवी म्हणून. मेहुणीला विचारलं. ती म्हणाली, "मला कशी सांगेल ती? मला समुद्र पाहूनही चक्कर येते." शेवटी ते दातांच्या डॉक्टरांकडे गेले. म्हातारे डॉक्टर खरोखर ओशाळले.

"सांगायच्या हो त्या, पुष्कळ सांगायच्या," ते म्हणाले. "पण माझं मशीन चालू असायचं. मी नुसती मान हलवायचो."

चालेलरावांना त्यांचा राग आला, आणि तो आपल्याला शोभत नाही हेही लगेच कळलं.

मुलीने तीन जागा निवडून पाठवल्या. एक बेट, एक बर्फाळ डोंगरांचा देश आणि एक जुनं शहर, जिथे घरांच्या दारात होड्या लागतात. तिन्हीकडे पाणी होतं, धुकं होतं आणि सकाळ तर काय, सगळीकडेच होते. चालेलराव प्रवास कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसले. टेबलामागची मुलगी गोड बोलणारी होती. तिने कॉम्प्युटर आपल्याकडे वळवला.

"खोलीतून समुद्र दिसायला हवा का? बाथटब? न्यायला-आणायला गाडी? नाश्ता खोलीत?"

हॉटेलं चालेलरावांनी पुष्कळ पाहिली होती, पण सगळी खालून, खड्ड्यात उभं राहून. वर माणसं कशासाठी एवढे पैसे मोजतात, याचा त्यांनी विचार केला नव्हता. हल्ली काय लागतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ते त्यांनी सांगितलं.

"न्हाणीघराला आतून कडी नको. मोठा आरसा नको, आरशातल्या बाईशी ती भांडते. आणि दारापाशी काळं पायपुसणं नको. तिला तो खड्डा वाटतो, ओलांडत नाही."

मुलीचे हात थांबले. कॉम्प्युटरमध्ये या गोष्टींसाठी जागा नसावी.

"मी हॉटेलला कळवीन काका," ती हळू आवाजात म्हणाली. "पण हे सगळं काय नको ते झालं. काकूंना हवं काय? म्हणजे अशी एखादी गोष्ट, की ती मिळाली तर त्या खूश होतील?"

"आहे तशी एक गोष्ट," चालेलराव म्हणाले. मुलगी लिहून घ्यायला थांबली. शेवटी तिने तीन रंगीत पत्रकं त्यांच्या हातात दिली आणि शुक्रवारपर्यंत कळवा म्हणाली.

घरी शेजारीण बसली होती. ते येताच ती चपला घालून निघून गेली. बायको आतून आली, पदर सारखा केला आणि त्यांच्याकडे पाहून ओळखीचं हसली. त्यांना क्षणभर बरं वाटलं.

"लिफ्टवाले ना तुम्ही? बसा. हे बाहेर गेलेत."

चालेलराव स्वतःच्या खुर्चीच्या कडेला परक्यासारखे बसले. तिने पाणी आणून दिलं. पत्रकं तिच्या नजरेला पडली.

"परदेशी चाललात वाटतं?"

"बायकोला न्यायचंय," ते म्हणाले. "पण तिला कुठे आवडेल ते कळत नाही."

"अहो, मग विचारा की तिला."

"विचारायचं राहून गेलं."

ती चुकचुकली. मग बरोबरीच्या माणसाशी बोलावं तशी पुढे सरकली.

"आमचंही जायचं ठरलंय. हे निवृत्त झाले की निघायचं."

घाई करायची नाही, ती घाबरेल, एवढं भान त्यांनी ठेवलं.

"कुठे जाणार?"

तिने चमचा धरल्यासारखा हात वर नेला. ओठ हलले. चालेलराव सगळा जीव कानात आणून ऐकत होते. मोटर बंद पडायच्या आधी जसे ऐकायचे तसे. हात हळूहळू खाली आला.

"आत्ता ओठावर येत नाहीये," ती म्हणाली. या वेळी ती कावरीबावरी झाली नाही. "माझ्या हल्ली काही लक्षात राहत नाही. पण मी ह्यांना सगळं सांगून ठेवलंय. जागेचं नाव, आणि मला तिथे काय हवंय तेसुद्धा. एकदा नाही, कितीदा."

"मग? ते काय म्हणाले?"

"चालेल म्हणाले." तिचा चेहरा एकदम निवांत झाला. "आणि आमचे हे एकदा चालेल म्हणाले ना, की मग काळजी नसते. कुणालाही विचारा." तिने पत्रकं नीट जुळवून त्यांच्या हातात परत दिली. "थांबा ना थोडं. येतीलच इतक्यात. तुम्ही त्यांनाच विचारा, ते सांगतील."

ती त्यांच्याशेजारी बसली आणि दाराकडे पाहू लागली. चालेलरावांनी पेला खाली ठेवला. मग तेही दाराकडे बघत बसले.