खसचं सरबत आणि कलिंगड
खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, सरबताचा वास आला की पहाडगंजच्या शाळेत मी शिकवायचे तो अकरावीचा वर्ग आठवतो. माझ्या डब्यातलं कलिंगड बघून एक मुलगी किंचाळली, ‘मॅडम, तरबूज नका खाऊ! इंजेक्शन देऊन लाल करतात.’ ‘कशावरून?’ मी नेहमीसारखं विचारलं. ‘मम्मीच्या ग्रुपवर आलंय, बिल्कुल खरंय!’ दुसऱ्या दिवशी मी अख्खं कलिंगड, इंजेक्शनची सुई आणि हिरवंगार खसचं सरबत वर्गात नेलं. सकाळी तिनेच कलिंगडात सरबत टोचलं, शेवटच्या तासाला तिनेच कलिंगड कापलं. आत फक्त बोटभर हिरवी रेघ. रंग पसरलाच नव्हता. वर्गाने फडशा पाडला. मी विजयी मुद्रेने हात पुसत होते, तोच ती भरल्या तोंडाने म्हणाली, ‘पण मॅडम, एकच कापून कसं कळणार?’ अजूनही मी एक कलिंगड आणायला जाते आणि दोन घेऊन येते.