खुशबूचा नी

नाकाडोंगरीत गोपीचंद मास्तरांच्या बाजाच्या पेटीला हात लावायची कोणाची टाप नव्हती. त्यांची बायको शकुनबाई घर झाडायची तीसुद्धा पेटीच्या भोवतीने. नातवंडं आली की पेटी कपाटावर चढायची. तसे मास्तर काही शाळेतले मास्तर नव्हेत, बसस्टँडजवळ त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. पण तरुणपणी दंडारीच्या, म्हणजे गावाकडच्या नाच-नाटकाच्या, मंडळीत पेटी वाजवत गावोगाव फिरले, तिथे कोणीतरी मास्तर म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

साठी उलटल्यावर त्यांच्या डोक्यात आलं की गावातल्या लहान पोरांना गाणं शिकवावं. शनिवारी-रविवारी सकाळी समाजमंदिरात सतरंजी पडू लागली. आयाबायांना बरंच झालं. तेवढा वेळ पोट्टे मोबाईल सोडून एका जागी बसतात, हेच काय कमी? मास्तर शिकवायचे मन लावून, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. फक्त एक खोड होती. कोणाचा सूर जरा हलला की अंगठीने पेटीच्या लाकडावर टकटक करायचे आणि म्हणायचे, "बेसूर." पोरांनीही तो शब्द असा उचलला की घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हणायची, "आई, आज भाजी बेसूर."

खुशबू आली ती तलावाकडच्या ढिवर मोहल्ल्यातून. बाप तलावात जाळं टाकतो, आई मंदाबाई बाजारात मासोळ्या विकते. मंदाबाईनेच तिला हाताला धरून आणलं.

"मास्तरजी, हे पोट्टी दिवसभर गात राह्यते. मले त्यातलं काही समजत नाही. तुमीच पाहा."

मास्तरांनी पाहिलं. सा, रे, ग, म, प, ध, सगळं कसं स्वच्छ. पोरगी गात होती आणि मास्तर मनातल्या मनात खूश होत होते. तोच नी आला, आणि ती पेटी सोडून वर गेली.

टकटक. "बेसूर. वर जाऊन राहिली तू. पेटी काय म्हणते, आयक."

ती ऐकायची, मान हलवायची, आणि पुन्हा नीवर आली की वर. रविवारमागून रविवार तेच. बाकीची पोरं पेटीमागे मुकाट जायची, ही एकटीच अडायची. एकदा तर तिने सरळ सांगून टाकलं, "मास्तरजी, पेटीच खाली जाते."

सगळी पोरं हसली. मास्तरांचं डोकं सटकलं. ज्या पेटीवर अख्खी जवानी काढली, तिला वीतभर पोरीने नाव ठेवावं?

"पेटी चुकते अन् तू बरोबर? तुया बापाहून मोठी आहे हे पेटी. आजपासून तू गाऊ नको. ताल धर. कान सुधरला का मंग सांगीन."

त्यानंतर खुशबू कोपऱ्यात बसून नुसत्या टाळ्या वाजवायची. बाकीचे गायचे, ही टाळ्या. रडली नाही, वर्ग सोडून गेली नाही. ओठ गच्च मिटून ऐकत राहायची. पावसाळा गेला, धानकापणी झाली, आणि एका रविवारी मास्तरांनी तिला उभं केलं. पोरगी नीवर आली आणि पेटीबरोबर खाली उतरली. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, सगळ्यांसमोर शाब्बास म्हटलं, खिशातला पेढाही दिला.

पुढे बाजारात मंदाबाई भेटली. म्हणाली, "पोट्टी आता घरी गात नाही जी. म्हणते, मास्तरजीले विचारल्याबिगर गाणार नाही."

"शिस्त लागली तिले," मास्तर म्हणाले. आणि बरं का, त्या दिवशी ते घरी आले ते छाती फुगवूनच.

ही छाती उतरली ती तुमसरला. शकुनबाईच्या भाच्याकडे, धनंजयकडे, बारशाला गेले होते. जेवणं झाल्यावर भजन सुरू झालं आणि धनंजयने आपली पेटी मास्तरांपुढे सरकवली. मास्तरांनी सवयीने पोरांची सरगम छेडली आणि नीवर बोट थबकलं.

"धनंजय, तुया पेटीचा नी चढला गड्या."

धनंजय भला माणूस. तो उलटून बोलला नाही. त्याने नुसते मधला नी आणि वरचा नी एकदम दाबून दाखवले. दोन्ही सूर एकमेकांत विरघळले, म्हणजे पेटी बरोबरच होती. मास्तर हसले, काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण परतीच्या एसटीत ते तोच नी पुन्हा पुन्हा गुणगुणत राहिले.

घरी आल्या आल्या त्यांनी आपली पेटी उघडली. वर्गात मधल्या सप्तकापलीकडे जायचं कामच पडत नसे, त्यामुळे दोन नी एकदम दाबायची वेळ कधी आलीच नव्हती. आता दाबले. सूर थरथरायला लागले. मधला नी खाली बसला होता, ना कोमल ना शुद्ध. रोज थोडा थोडा उतरला असेल आणि मास्तरांचा कानही रोज थोडा थोडा त्याच्याबरोबर उतरला. झाकण काढून पाहिलं तर त्या सुराच्या पितळी पत्तीच्या टोकाशी हिरवट थर आणि मळ. अशा पत्त्या साफ करणं त्यांच्या डाव्या हाताचा मळ होता. अख्ख्या मंडळीच्या पेट्या त्यांनी दुरुस्त केल्या होत्या. फक्त आपलीच पेटी चुकेल, हे कधी मनात आलं नाही.

मास्तरजी, पेटीच खाली जाते. पोरीने तोंडावर सांगितलं होतं. आणि आपण तिला गप्प बसवलं. गप्प बसवलं ते बसवलं, खोटा सूर पक्का झाल्यावर वरून पेढा दिला. तो पेढाच मास्तरांना जास्त टोचायला लागला. जेवण जाईना.

"काय झालं जी? बारशाहून आले का मयतीहून?" शकुनबाईने विचारलं.

त्यांनी सांगितलं. शकुनबाईने शांतपणे ऐकून घेतलं. "मंग पेटी साफ करा अन् पोरीले सांगा, चूक माही होती. त्यात काय एवढं?"

"वर्गात सांगतलं तं उद्या पोट्टे माह्यावर इसवास ठेवतीन का?"

"तिने ठेवला ना. पाहा मंग काय झालं ते."

मास्तरांनी हात झटकला. पत्ती मात्र त्याच दिवशी घासून लख्ख केली, दोन्ही नी जुळवले. आणि मनाशी सोयीचा हिशोब मांडला: पेटी सुधारली, आता पोरंही आपोआप सुधारतील, सांगायची गरजच काय? भित्र्या माणसाला असा हिशोब लगेच जमतो.

रविवारी वर्ग भरला. मास्तरांनी भाता ओढला, सरगम सुरू झाली. नी आला आणि पोरांची पलटण नव्या नीवर बिनदिक्कत चढली. त्यांना फरकही कळला नाही. ती पेटीमागे तेव्हाही गेली होती, आताही गेली. खाली राहिली ती एकटी खुशबू. मोठ्या कष्टाने घोटवलेला तो जुना नी तिने अचूक लावला.

"बेसूर," मागच्या रांगेतला विक्की ओरडला आणि सगळे हसले.

खुशबूने मास्तरांकडे पाहिलं.  तिला कोणी काही म्हणायच्या आत ती उठली, आपल्या जुन्या कोपऱ्यात जाऊन बसली आणि टाळ्या वाजवायला लागली.

 मास्तरांचा हिशोब गेला चुलीत. त्यांनी भाता सोडला.

"थांबा रे. विक्की, चूप बस. खुशबू बेसूर नाही. माही पेटी बेसूर होती, कितीतरी दिवसापासून. तिने मले सांगतलं, अन् मीच तिले चूप बसवलं. चूक माही आहे."

 मास्तर उठले, पेटी उचलून त्या कोपऱ्यात नेली आणि खुशबूपुढे ठेवली. या पेटीला कोणी हात लावायचा नसतो हे पोरांना ठाऊक होतं. सगळे डोळे फाडून पाहत होते.

"घे, तूच वाजव. तूच सांग आता बरोबर आहे का."

तिने हात फ्रॉकखाली लपवले. "नाही जी. माहीच चूक असंन."

"तुई चूक नव्हती, बाई."

तिने पेटीकडे पाहिलं. मग अगदी हळू, मास्तर चिडू नयेत अशा बेताने तिने विचारलं, "मंग कोणता नी म्हणू मास्तरजी? तुमी सांगाल तो म्हणीन."

 चूक कबूल केली की ओझं उतरेल असं मास्तरांना वाटलं होतं, पण ते तर आता कुठे खांद्यावर आलं होतं. वर्गात आली तेव्हा या पोरीला कोणाला विचारावं लागत नव्हतं.

"पेटीले नको विचारू," ते म्हणाले, "अन् मलेही नको. तुले जो वाटते तो म्हण."

त्यांनी पेटी बाजूला सारली आणि तिच्यासमोर सतरंजीवर बसले. खुशबूने डोळे मिटले. सा म्हटला, रे म्हटला, ग, म, प सगळे पहिल्यासारखेच स्वच्छ. ध वर आली आणि थांबली. डोळे उघडून मास्तरांच्या तोंडाकडे पाहू लागली.

आपल्या चेहऱ्यावर तिला उत्तर सापडू नये म्हणून मास्तरांनी मान खाली घातली. बाहेर रस्त्यावरून कोणाची तरी सायकल खडखडत गेली. मास्तर वाट पाहत होते, आणि खुशबूही.