चौथं पान

कुंडलिकचा कॉम्प्युटर मी बिघडवला असं फाट्यावर सांगतात, ते खरं नाही. मी तो सुधारला. सुधारल्यावर तो मुका झाला, एवढंच.

माझी विहिरीवरची मोटार जळाली होती, ती मी पिंपळवंडीच्या फाट्यावर कुंडलिककडं भरायला नेली होती. मोटार भरायची म्हणजे जळकी तार उपसायची आणि नवी तांब्याची तार वेढे मोजत घालायची. वेढा चुकला की मोटार पुन्हा जळते, म्हणून वेढे मोजताना कुंडलिक देवाशीसुद्धा बोलत नाही. मी घोडेगावच्या शाळेत तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. समोरचा गप्प बसला की मला काहीतरी करून दाखवावंसं वाटतं. दुकानाच्या कोपऱ्यात एक म्हातारा कॉम्प्युटर होता आणि त्यात गाणी वाजवायचा त्याच्याहून म्हातारा प्लेअर. निवृत्तीनंतर मी कॉम्प्युटर शिकलोय, म्हणजे 'काढून टाका' हे बटण कुठं असतं ते मला पाठ आहे. मी जुना प्लेअर काढला, नवा ऐटदार घातला आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

कुंडलिकनं शेवटचा वेढा घातला, हात पुसले आणि रोजच्या सवयीनं कॉम्प्युटरपुढं बसून एक फाइल उघडली. नव्या प्लेअरनं कळवलं, असली फाइल मी ओळखत नाही.

कुंडलिकनं माझ्याकडं बघितलं. दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी सुटलो असतो. तो फक्त म्हणाला, "गुर्जी, परवा तो यायचाय."

आता हा 'तो' कोण, ते सांगितलं पाहिजे. पंचवीसेक वर्षांपूर्वी नारायणगावात सोहनलालशेठच्या कापडदुकानाच्या माडीवर एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता. घराणं मूळचं राजस्थानचं, जैन. पण पिढ्या इथंच गेलेल्या. शेठजींचा धाकटा संयम खालून जिना चढून क्लासला यायचा आणि पिंपळवंडीचा कुंडलिक एसटीनं. मशिनं कमी, पोरं जास्त, म्हणून दोघांत मिळून एक मशीन दिलं. क्लास होता हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकायचा. हे दोघं शिकले भलतंच.

कुठल्याशा सीडीवर त्यांना गाणी बांधायचा एक प्रोग्रॅम सापडला होता. ती गाणी आपल्या नेहमीच्या गाण्यांसारखी नसत. नेहमीची गाण्याची फाइल म्हणजे शिजवलेला स्वयंपाक. झाकण काढा, वाढा. ही फाइल म्हणजे शिधा. आत चार-सहा आवाजांचे तुकडे असतात आणि एक तक्ता, कितव्या ओळीला कोणता आवाज, कोणत्या सुरात. चौसष्ट ओळींचं एक पान. हा शिधा बघून ऐन वेळी रांधून वाढायला प्लेअरमध्ये एक आचारी लागतो, त्याला प्लगइन म्हणतात. मी प्लेअर काढला तेव्हा आचारीही गेला. शिधा तसाच राहिला.

यांच्या शिध्यात काय होतं? दुकानाचं शटर खाली आपटल्याचा आवाज, तो ढोल. संयमची आई उगमबाई पापड लाटायची, त्या लाटण्याचा पोळपाटावरचा ठेका. एसटीच्या कंडक्टरची दोरीवरची घंटा, जी टिपायला कुंडलिक टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन आळेफाट्यापर्यंत उगीच गेला आणि उगीच परत आला. गाणं एका फ्लॉपीवर. एक पान कुंडलिकनं लिहायचं, फ्लॉपी संयमला द्यायची; पुढचं पान संयमनं. पहिलं कुंडलिकचं, दुसरं संयमचं, तिसरं कुंडलिकचं. चौथ्यासाठी फ्लॉपी संयमकडं महिनाभर राहिली. मग एका दुपारी त्यानं ती स्टँडवर आणून दिली, गाडी सुटायच्या बेतात असताना, खिडकीतून.

कुंडलिकनं लावून बघितलं. तीन पानं वाजली. चौथं पान होतं, पण कोरं. चौसष्टच्या चौसष्ट ओळी मोकळ्या. आठ सेकंद काहीच नाही, आणि मग गाणं पुन्हा पहिल्यापासून.

हे काय म्हणून विचारायला तो दुसऱ्या दिवशी नारायणगावला गेला, तर शेठजींच्या घरी मांडव पडला होता. संयम दीक्षा घेत होता. आठ दिवसांनी त्याचा वरघोडा, म्हणजे दीक्षेची मिरवणूक, निघाला. घरदार सोडणारा पोरगा रथात बसून दोन्ही हातांनी वस्तू उधळत होता. कुंडलिक बँडच्या मागं होता. त्याच्या वाट्याला एक रुमाल आला. त्या रुमालानं तो अजून कीबोर्ड पुसतो.

दीक्षेनंतर संयमचं नाव बदललं. नवं नाव लांबलचक आहे आणि कुंडलिकला ते एका दमात घेता येत नाही. पायी विहार करत महाराज राजस्थानात गेले, माळव्यात गेले, कर्नाटकात गेले. आमच्या रस्त्याला पंचवीस वर्षांत आले नाहीत. आणि इकडं हा गडी रोज दुकान बंद करताना ते गाणं एकदा लावतो. बायको रत्ना म्हणते, "माझं बोलनं ऐकायला यांना येळ न्हाई. गप बसलेलं गानं मातर रोज ऐकत्यात."

खरंच तो बाकीची तीन पानं नुसती होऊ देतो. चौथं ऐकतो. त्याला एकच कोडं पडलंय. ते पान राहिलं की ठेवलं? म्हणजे गडबडीत लिहायचं राहून गेलं, की संयमनं त्याच्यासाठी म्हणून मुद्दाम कोरं ठेवलं? सांगणारा जगात एकच माणूस, आणि तो मंचरपर्यंत येऊन पोचला होता. गुरुवारी नारायणगावहून आळेफाट्याकडं निघणार, असा निरोप होता. विचारण्याआधी एकदा ऐकून घेऊ, म्हणजे धीर येईल, असं कुंडलिकनं ठरवलं होतं. तेवढ्यात मी सुधारणा केली.

त्या रात्रीचं जेवण मला गोड लागलं नाही. सकाळी पुण्याच्या पुतणीला, रुपालीला, फोन लावला. ती कॉम्प्युटरमध्येच नोकरी करते. सगळं ऐकून ती म्हणाली, "काका, आता तुम्ही फक्त मी सांगीन तेवढंच करा. जास्तीचं एक बटण नाही." तिनं जुना प्लेअर धाडला, प्लगइन धाडलं आणि ते प्लेअरच्याच फोल्डरमध्ये नेऊन टाकायला सांगितलं. मी ते आधी दुसरीकडं टाकलं, मग तिसरीकडं, मग ती म्हणाली तिथं. फाइल उघडली. शटर आपटलं, लाटणं सुरू झालं, घंटा वाजली. मला वाटलं, जिंकलो.

कुंडलिक डोळे मिटून ऐकत होता. तिसरं पान संपलं आणि गाणं लगेच पहिल्या पानावर गेलं. त्यानं डोळे उघडले.

"पान गेलं," म्हणाला.

मी म्हणालो, अरे, त्या पानात होतं काय जायला? त्यावर त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मी निमूट पुन्हा फोन लावला. रुपाली हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, हल्लीची प्लगइनं शहाणी असतात; आवाज थांबला की गाणं संपलं असं समजून पुढं जातात. सेटिंगमध्ये तशी खूण असेल, ती काढा. तासाभरानं खूण सापडली. काढली. पुन्हा लावलं. तिसरं पान संपलं, आणि काही वाजेना. आयुष्यात बरीच दुरुस्ती केली, पण काहीच न वाजल्याचा आनंद मला पहिल्यांदा झाला. कुंडलिकची मान आठ सेकंद जराशी कलली होती.

मग माझ्या डोक्यात आणखी एक सुधारणा आली. गाणं मोबाइलवर घेऊ, म्हटलं, आणि महाराजांसोबत चालताना खिशात चुकून वाजल्यासारखं करू. जैन साधूंना यंत्रावरचं गाणं वर्ज्य, ऐकलं तर प्रायश्चित्ताचा उपास; पण महाराजांनी काही लावलं नाही, काही मागितलं नाही. कानावर पडलं तर त्यांचा काय दोष? कुंडलिक म्हणाला, "दोष लागतो का न्हाई ते मला ठावं न्हाई. पर माझ्यापायी त्यानं उपास का करावा?" मोबाइल त्यानं घरीच ठेवला. माझाही ठेवायला लावला.

गुरुवारी उजाडताना आम्ही नारायणगावच्या जैन स्थानकापाशी, साधू उतरतात तिथं, उभे. महाराज बाहेर आले. पांढरी वस्त्रं, अनवाणी, तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी. दिसत होते ते फक्त डोळे, आणि ते कुंडलिकवर थांबले. "दया पाळो," म्हणाले, जसं सगळ्यांना म्हणाले तसंच. गावातली दहाबारा मंडळी सोबत चालत निघाली. कुंडलिक त्यांच्यात.

मी मागं होतो, पण कान पुढं होते. कुंडलिकची मोठी पंचाईत झाली होती. महाराजसाहेब म्हणावं तर जीभ वळेना, आणि अरे म्हणावं तर आजूबाजूला श्रावक. म्हणून पहिले दोन किलोमीटर त्यानं हाक मारावी लागेल असं एकही वाक्य केलं नाही. "ऊन वाढंल आता." "ह्या बागंला औंदा घड बरं लागलं." महाराज मान हलवत. एकदा त्यांनी विचारलं, मोटारी अजून हातानंच भरतोस का? कुंडलिक म्हणाला, हातानंच. ते म्हणाले, आणि मोजतोस? म्हणाला, मोजतो. ट्रक गेले, टोमॅटोच्या जाळ्या भरलेले टेम्पो गेले.

एकेक करून मंडळी माघारी फिरली. पिंपळवंडीचा फाटा आला तेव्हा कुंडलिक, मी आणि महाराजांबरोबरचे एक वृद्ध संत, एवढेच उरलो होतो. कुंडलिकनं दुकान दाखवलं, सावलीला घटकाभर टेका म्हणाला. गुरुवार होता. आमच्याकडं गुरुवारी वीज सुट्टीवर असते. दुकानात दिवा नाही, पंखा नाही, कॉम्प्युटर रुमाल पांघरून निजलेला. महाराजांनी ओघ्यानं, हातातल्या लोकरीच्या कुंच्यानं, फरशीची जागा अलगद झाडली आणि बसले. समोर कुंडलिक बसला. तांब्याची रिळं, वॉर्निशचा वास, बाहेर रस्ता.

आता विचारील, म्हणून मी उंबऱ्याबाहेर सरकलो. कुंडलिक काही बोलला नाही. महाराजही बोलले नाहीत. माझी जीभ वळवळत होती, पण तिला मी दातांखाली धरलं. किती वेळ ते तसे बसले, मला सांगता येणार नाही. आठ सेकंदांपेक्षा पुष्कळ जास्त. मग वृद्ध संतांनी बाहेरून ऊन दाखवलं, महाराज उठले. उंबऱ्यात थांबून त्यांनी एकदा वळून पाहिलं, दुकानाकडं की दुकानदाराकडं कळलं नाही, आणि आळेफाट्याच्या बाजूला चालू लागले. वळणावर ते दिसेनासे होईतो कुंडलिक रस्त्यात उभा होता.

मग माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "अरे गड्या, पंचवीस वर्षं थांबलास, नारायणगावपासून पायी आलास, शेवटी माणूस तुझ्यासमोर मांडी घालून बसला. राहिलं की ठेवलं, एवढं विचारायला तुझं काय जात होतं?"

कुंडलिक रस्त्याकडंच बघत म्हणाला, "राहिलं म्हनला असता, मंग?"