दिघेकाकांचं जोडपत्र

कुठल्याही प्रशिक्षण केंद्रात शिरल्यावर दिघेकाका आधी नमस्कार करत नसत. आधी बोट फिरवत. शिलाई मशीन असो की टाइपरायटर, उजव्या हाताचं बोट त्यावरून सर्रकन जायचं आणि मग ते बोट उजेडात धरून बघायचे. केंद्रचालकाचं हसू तिथेच अर्धं व्हायचं. मला नोकरीवर घेतानाही त्यांनी हेच केलं. माझ्या प्रमाणपत्रांच्या फायलीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "धूळ नाही. म्हणजे बरेच दिवस वणवण चालू दिसते. सोमवारपासून ये."

नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. काका धारचे. आजोबा दरबारात कारकून, वडील मास्तर आणि स्वतः काका सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसानं घरी स्वस्थ बसावं की नाही? छे! धारहून ये-जा करत देवासच्या एका लहानशा संस्थेत ते सर्वेक्षणाचे प्रमुख होऊन बसले. बेरोजगारांसाठी, मागं राहिलेल्या वस्त्यांसाठी सरकार योजना काढायचं, पैसा खर्च व्हायचा, आणि त्यातून कुणाचं काही भलं झालं का हे बघायला आम्हांला पाठवायचं. त्याचं नाव मूल्यांकन. मी देवासच्या कारखान्यातल्या फिटरची मुलगी, हिंदी शाळेत शिकलेली. घरी मराठी बोलायचे, पण वाचायची वेळ आली की अक्षराखाली बोट धरायचे. काकांचं मराठी जुनं, खणखणीत. माझं ऐकून ते कपाळाला हात लावत. "मंजू, तू मराठी बोलतेस की हिंदीला नऊवारी नेसवतेस?"

या माणसाला घडीभर चैन नसे. जीपमध्ये बसले की एक पाय सारखा हलायचा. चहा दिला की कप हातात घेऊन अंगणभर फेऱ्या. आमचा ड्रायव्हर मला हळूच म्हणायचा, "दीदी, साबजी के पाँव में चक्कर है." मला सुरुवातीला त्यांचा मनस्वी राग यायचा. सतवासकडच्या एका गावात आमची जीप दिसताच कर्ज घेतलेली मंडळी मागच्या दारानं पसार झाली. त्यांना वाटलं वसुलीवाले आले. तेव्हापासून काकांनी कायदाच केला, की जीप गावाबाहेर थांबवायची आणि पुढे चालत जायचं. "पाहुणा पायी येतो, वसुलीवाला जीपनं," म्हणायचे. एप्रिलच्या उन्हात, नव्या चपलांनी टाचा सोललेल्या असताना हे वाक्य ऐकून बघा, म्हणजे माझा राग कळेल.

डहीच्या बाजूला एका गावात तरुणांना पाण्याच्या पंपाची जळालेली मोटर बांधायचं, म्हणजे तिची तार नव्यानं गुंडाळायचं शिक्षण दिलं होतं. सगळे पास. कागदावर योजना झक्क. एका घरात भिंतीवर प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं आणि ज्याचं प्रमाणपत्र तो दारात गाठोडं बांधत होता. काकांनी विचारलं, "पुढे?" तो म्हणाला, "पुढे क्या साब, गुजरात. गाँव में बिजली ही नहीं टिकती, मोटर किसकी बाँधूँ?" त्या दिवशी काका जेवले नाहीत. ताट सरकवून उठले आणि म्हणाले, "खात्याला 'किती' एवढंच विचारता येतं गं. किती शिकले, किती पास झाले. 'पुढे काय' हा रकानाच नाही फॉर्मात."

म्हणून काकांनी स्वतःचा रकाना काढला होता. प्रत्येक अहवालाच्या शेवटी ते एक पान जोडत. हातानं लिहिलेलं, हिंदीतलंच, पण मथळा मराठी वळणाचा: 'जोडपत्र'. त्यात आकडे नसत. कोण काय म्हणालं आणि डोळ्यांनी काय दिसलं, एवढंच. साहेब लोक वैतागत. "दिघेजी, आपसे गिनती माँगी थी, आप कहानी ले आए." काका पाय हलवत म्हणत, "कहानी नहीं साहब, बयान है."

आता सिंधूबाईंचं सांगते. हे सांगताना माझीच लाज निघणार आहे, पण त्याला इलाज नाही.

देवासच्या कारखान्यांमागे एक वस्ती होती. विदर्भातून ठेकेदारीच्या कामाला आलेली कुटुंबं, आणि आजूबाजूला माळव्यातली. तिथे बायकांसाठी सहा महिन्यांचं शिलाई केंद्र चाललं होतं. सहा महिने झाले की दुसरा टप्पा: त्याच केंद्रात शाळेच्या गणवेशांचं काम, म्हणजे रोजचा रोजगार. कुणाला त्या टप्प्यात घ्यायचं हे आमच्या फॉर्मांवर ठरणार होतं. सिंधूबाईंचा फॉर्म मी भरला. काळ्यासावळ्या, ताठ मानेच्या बाई, नवरा हमाल. मी विचारलं, "सहा महिने केंद्रात काय केलं?" त्या म्हणाल्या, "मी तं सहाही महिने खालीच बसली जी."

मी हिंदी फॉर्मात लिहिलं: छह माह खाली बैठी. आणि पुढच्या चौकटीत खूण केली: काम में रुचि नहीं. झालं! एका फटक्यात बाईंचं नाव दुसऱ्या टप्प्यातून कापलं गेलं.

संध्याकाळी काका फेऱ्या मारत फॉर्म वाचत होते. एकदम थांबले. "ही बाई कुठली?"

"अमरावतीकडची."

"बोलली मराठीत?"

"हो."

"मग हे 'खाली' कोणत्या भाषेतलं?"

मला कळेचना. "खाली म्हणजे खाली, काका. रिकामी."

"अगं शहाणे, मराठी बाई रिकामी बसली तर 'रिकामी बसली' म्हणेल! खाली म्हणजे जमिनीवर. ती जमिनीवर का बसत होती, हे विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. काकांनी फॉर्म माझ्या हातात परत दिला. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही केंद्रात हजर. टेबलांवर सहा मशीन, त्यांच्यापुढे स्टुलं, आणि दाराजवळ जमिनीवर एक गोणपाट. गोणपाटावर तीन बायका काज-बटण करत होत्या. सिंधूबाई त्यांतल्या एक. काकांनी सगळ्या मशीनवरून बोट फिरवलं, लखलखीत होती. केंद्राच्या बाई घाईघाईनं म्हणाल्या, "सर, इन तीनों को मशीन से डर लगता है." काकांनी मशीनवरच्या एका माळवी बाईला विचारलं, तर ती सरळपणानं म्हणाली, "वा तो वठेज बेठे." ती तिथेच बसते. जशी भिंत भिंतीच्या जागी असते तसं तिनं ते सांगितलं. तिघींची जात सगळ्यांना ठाऊक होती. त्यांनी स्टुलाला हात लावलेला बाकीच्यांना चालत नव्हता. आणि खात्याच्या कागदावर याच तिघींमुळे 'सामाजिक समावेश' या रकान्यात 'पूर्ण' असं लिहिलेलं होतं.

त्या वेळचं जोडपत्र दोन पानांचं झालं. काकांनी लिहिलं, या तिघींना मशीनवर बसवल्याशिवाय दुसरा टप्पा देऊ नये. मी मनात म्हटलं, कोण वाचतंय! पण वाचलं. वर कुणीतरी नवे, कडक साहेब आले होते, आदेश निघाला. सिंधूबाई मशीनवर बसल्या. काकांनी त्या दिवशी ऑफिसभर पेढे वाटले आणि मला म्हणाले, "मंजूताई, आज तुमची चूक सत्कारणी लागली." मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू!

तो आनंद पंधरा दिवस टिकला. बाकीच्या बायका एकेक करून यायच्या बंद झाल्या. कुणाचं मूल आजारी, कुणाची सासू. हजेरी घटली म्हणून दुसरा टप्पा रद्द झाला, गणवेशांचं काम दुसरीकडे गेलं आणि सहाही मशीन केंद्राच्या खोलीत कुलूपबंद झाली.

काकांचं यानंतर कशातच लक्ष लागेना. जेवणाचा अर्धा डबा तसाच परत जायचा. दुसऱ्या गावचे फॉर्म वाचताना मधेच विचारायचे, "त्या बायका काय करत असतील गं?" मी म्हणायचे, "काका, आपलं काम संपलं तिथलं." ते माझ्याकडे असं बघायचे की मी पुढचा फॉर्म उघडायचे. शेवटी एका रविवारी ते स्वतःच्या खर्चानं धारहून बसनं आले, मला घरून उठवलं आणि म्हणाले, "चल. एक फॉर्म भरायचा राहिलाय. दुसऱ्यांच्या कामाचं माप काढत फिरतो, आपल्याही कामाचं काढू."

सिंधूबाई सोयाबीनच्या गोदामात झाडायला जात होत्या. त्यांनी आम्हांला आत बोलावलं नाही. काकांनी दारातच फॉर्मातला पहिला प्रश्न विचारला: काय फरक पडला?

बाई भडकल्या. "फरक? तुमी आले नसते तं काज-बटनाचं काम तं हाती राह्यलं असतं. सावलीत बसून होती मी. आता पोते झाडते. तुमच्या त्या कागदानं माझं काम गेलं, साहेब."

"मंजू, लिही," काका म्हणाले. "जसं बोलल्या तसं. रिपोर्टामुळे काम गेलं, असं लिही."

माझा हात थांबला. "काका, हे आपल्याच विरुद्ध…"

"लिही म्हणतो ना!" इतक्या मोठ्यानं ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. मी लिहिलं. मग ते सिंधूबाईंना म्हणाले, "बाई, मी ते लिहायला नको होतं का?"

 सिंधूबाईंनी पदर खोचला, सोडला, परत खोचला. मग म्हणाल्या, "लिवाचं तं होतंच. पण लिवून निंगून जाचं नव्हतं."

त्यानंतर संस्थेचं काम नसलं तरी काका मंगळवारच्या मंगळवारी धार-देवास करू लागले. ती कुलूपबंद मशीन वस्तीतल्याच एखाद्या खोलीत त्या तिघींना चालवायला मिळावीत म्हणून अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज. या टेबलावरून त्या टेबलावर. साहेब बदलायचे, काका पहिल्यापासून सांगायचे. एक जाडजूड फाईल झाली, ती ते अधूनमधून वस्तीत नेऊन सिंधूबाईंना दाखवायचे. दीड वर्ष हे चाललं, आणि एका थंडीत धारला, घरीच, हृदयविकारानं ते गेले. तेराव्याला मी गेले तेव्हा काकूंनी ती फाईल माझ्या हातात ठेवली. "तुझ्यासाठीच ठेवायला सांगून गेलेत," म्हणाल्या.

मी तीन महिने खेटे घातले. खरंच घातले. मग माझं लग्न ठरलं, नंतर दुसरं सर्वेक्षण आलं, मूल झालं. कारणं सगळी खरी होती, हेच तर वाईट. चारेक वर्षांनी देवासच्या बाजारात भाजी घेताना कुणीतरी माझा दंड धरला. सिंधूबाई. केस पांढरे झालेले, मान तशीच ताठ.

"साहेब कसे हायेत?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले. जरा वेळानं डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं.

"मंग आता फाईल कोनाजवळ हाय?"

मी हातातली पिशवी उगाच सारखी करत राहिले. भाजीवाला पैसे मागत होता, मागची बाई ढकलत होती, आणि सिंधूबाई माझा दंड सोडत नव्हत्या.

"माझ्याजवळ," मी म्हणाले, आणि भर बाजारात मला रडू कोसळलं.